चौकोनात पाय ठेवायचा नाही

१

आमच्या कामात नियम एकच, आणि नव्या माणसाला तो मी पहिल्याच दिवशी दम देऊन सांगते. चौकोनात पाय ठेवायचा नाही.

नदी तळ्याला मिळते तिथे आमची पाणथळ आहे. वर माणूस बुडेल एवढी पाणकणसं, खाली गुडघाभर चिखल. नदी वाटेत जे काही उचलून आणते, गाळ, शेतांतली खतं, कोणाच्या तरी गटारातली घाण, ते सगळं पाणथळ आधी स्वतः गिळते आणि तळ्याला चाळलेलं पाणी देते. ती दमली की तळं हिरवं पडतं, मासे पोट वर करून तरंगायला लागतात आणि सगळे मिळून माझ्या नावाने खडे फोडतात. म्हणून ती किती गिळते आहे, पुरेसा गाळ साचवते आहे की झिजते आहे, हे बघत राहणं माझं काम. त्यावरून नदीच्या बंधाऱ्याचा दरवाजा किती उघडायचा ते ठरतं.

बघायची रीत सोपी आहे. हातभर लांबीरुंदीचा चौकोन आखायचा, त्यात पांढऱ्या दगडाची बारीक भुकटी सारखी पसरायची आणि निघून यायचं. नदी तिच्यावर गाळ घालत राहते. काही महिन्यांनी परत जायचं, पत्र्याची धारदार नळी चिखलात दाबायची, फिरवायची आणि उपसायची. नळी सुटताना चिखल 'फटक्' असा आवाज करतो. नळीत थरांवर थर रचलेली माती उभी असते आणि तिच्यात एक पांढरी रेघ. रेघेच्या वर जेवढी माती, तेवढी पाणथळीची कमाई. खूण करा, वाट बघा, कापून न्या. हे सगळं आडव्या टाकलेल्या फळीवर गुडघे टेकून करायचं. कारण चौकोनात एकदा पाय पडला की थर कालवले जातात. मग तो चौकोन मोजण्याच्या लायकीचा राहत नाही, सोडून द्यावा लागतो.

त्या सकाळी फळीच्या दुसऱ्या टोकाला कप्तान बसले होते. कप्तान म्हणजे आमचे नावाडी. कोणीतरी बोटीत विसरलेली जहाजी टोपी त्यांनी डोक्यावर चढवली ती आजतागायत उतरवलेली नाही. अव्वल थापाड्या माणूस. मी नळी उपसली, माती फळीवर ठेवली, आणि आमच्या रेघेच्या खूप खाली मला आणखी एक रेघ दिसली.

"कप्तान, हे बघा."

"दोन आहेत की."

"आपण एकच टाकली होती."

"मग तुमच्या आधी कोणीतरी टाकली असेल, बाई."

"माझ्या आधी इथे कोणी काम केलेलं नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?" म्हणत ते दात काढून हसले.

खोलीवरून हिशेब केला तर ती रेघ गावाच्याही आधीची निघत होती. राख असेल, मी म्हटलं. शिंपल्यांचा चुरा असेल. शास्त्र शिकलेल्या माणसाला एखाद्या गोष्टीचा विचार करायचा नसला की तो 'असेल' म्हणतो आणि जेवायला जातो. मीही गेले.

२

मला तळ्याकाठी राहायला सरकारी घर आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नोकरी लागून इथे आले तेव्हापासून मी त्यातच राहते. गेल्या वर्षी बाबांनी दुकान बंद केलं आणि ते माझ्याकडे आले.

बाबा शिंपी. अजून खिशात खडू असतो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खुर्ची, तिथे बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवतात. "त्या साहेबाचा डावा खांदा उतरलाय, कोट शिवणाऱ्याला जेलात टाकायला हवं." गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे.

आणि आईबद्दल बोलतात. आईला गवार कशी आवडायची नाही, आईने एकदा गिऱ्हाइकाला कसं हाकललं, आई कशी हसायची. मला आईचं फारसं आठवत नाही. एकदा मी त्यांना तसं म्हणाले.

"ती गेली तेव्हा मी लहान होते ना, बाबा."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लहान कसली? नोकरीची चिठ्ठी आली होती तुझी. दवाखान्यात तिला वाचून दाखवलीस."

"बरं," मी म्हटलं, आणि विषय सोडून दिला.

डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की या वयात आठवणी एकमेकींत मिसळतात, लक्ष ठेवा. मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होते. आमचं जुनं घर विकलं गेलं, आई गेली, दुकान गेलं. ते सगळं आता फक्त बाबांच्या डोक्यात शिल्लक आहे. ते पुसलं गेलं तर मला मागे वळून बघायला काही उरणार नाही, ही माझी खरी भीती. बाकी कशाला मी भीत नाही, असं तेव्हा वाटायचं.

३

पुढच्या खेपेला गेलो तर कडेच्या एका चौकोनात भोक होतं.

जेवणाच्या ताटाएवढं. कडा सुरीने कापल्यासारख्या. आमची नळी मनगटाएवढी असते, म्हणजे हे आमचं काम नव्हतं. पण मला खटकलं ते वेगळंच. भोक कोरडं होतं. चारी बाजूंनी पाणी, चिखलात बोट खुपसलं तरी बोटामागे पाणी भरतं, आणि या भोकात थेंब नाही. मी फळीवर पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घातला. आतली बाजू सुकी आणि गुळगुळीत लागली. मग कप्तानांनी बोटीची काठी सोडली. ती पूर्ण आत गेली तरी तळाला लागली नाही.

"घूस असेल," कप्तान म्हणाले. आता त्यांचीही 'असेल'ची पाळी आली होती.

आजूबाजूचं एक पान मोडलेलं नव्हतं. फक्त चौकोनाच्या दोन बाजूंना चिखलात फळी टेकल्याची खूण होती, आमच्या फळीपेक्षा अरुंद. जो कोणी आला होता तो नियम पाळणारा होता.

माझं डोकंच सणकलं. माझ्या चौकोनातून मला न विचारता नमुना नेतात म्हणजे काय? तशीच चिखलाच्या पायांनी तळ्याच्या कचेरीत गेले आणि व्यवस्थापक साहेबांपुढे उभी राहिले.

"अहो बाई, गाळ कोण कशाला चोरेल?" ते म्हणाले. "आणि तुमचे पाय बघा."

परत आले तर कप्तान बोटीत नेहमीच्या जागी न बसता टोकाला अंग चोरून बसले होते.

"काय झालं?"

"तुम्ही कधी टाकलात हो?" त्यांनी बोट दाखवलं. बोटीच्या फळ्यांवर, त्यांच्या बैठकीभोवती, भुकटीचा पांढरा चौकोन. कडा सरळ, थर सगळीकडे सारखा. माझ्या हातून इतका चांगला कधी जमला नव्हता.

"मी नाही टाकला."

"असू दे. मी पाय ठेवला नाही त्यात." ते अभिमानाने म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

आणि मी म्हटलं, "शाबास." ते एवढे जपून चौकोन ओलांडून वल्ह्यापाशी बसले की भुकटीचा एक कण हलला नाही.

४

दोनतीन दिवस कप्तान आले नाहीत. मग आले. टोपी डोक्यावर, वल्हं हातात, सगळं जिथल्या तिथे. बोट निघाली आणि अर्ध्या वाटेत माझ्या ध्यानात आलं की मला फक्त पाणी ऐकू येतंय.

"आज थापा नाहीत?"

"कसल्या थापा?" त्यांनी सरळ विचारलं.

"मगरीची तरी सांगा. मगरीने सायकल नेली ती."

"माझी सायकल होती?"

मला वाटलं चेष्टा चालली आहे. मी हसले. ते हसले नाहीत.

"घरचे बरे आहेत ना? थोरल्या मुलीचं कसं चाललंय? लग्नात बोट उलटली होती तिच्या, वऱ्हाड पोहत आलं होतं म्हणायचात."

"असं झालं होतं का?" त्यांनी अगदी आदराने विचारलं. परक्या माणसाची हकीकत ऐकावी तसा त्यांचा चेहरा होता. "एक मुलगी असते घरी. चांगली आहे."

मी मान खाली घातली, आणि तेव्हा मला त्यांच्या पायांमधलं भोक दिसलं. पांढऱ्या चौकोनाच्या बरोबर मध्ये, ताटाएवढं, बोटीच्या तळातून आरपार. खाली तळ्याचं पाणी हलत होतं. ते वर येत नव्हतं.

"कप्तान," मी म्हटलं, "बोटीला भोक पडलंय."

"हो का?" म्हणाले, आणि वल्हवत राहिले. मी दोन्ही हातांनी कड धरून बसले. आम्ही किनाऱ्याला कोरडेच पोचलो.

त्यांच्या बायकोने त्यांना डॉक्टरकडे नेलं. मेंदूत बारीकशी गाठ, डॉक्टर म्हणाले, असं होतं. होतच असेल. भोक पाहिलं नसतं तर मीही तेच म्हटलं असतं.

५

चौकोन बाबांच्या खुर्चीभोवती आला तो दुपारी. मी कामावरून आले तर बाबा पाय वर घेऊन बसलेले.

"घरात पण शाळा मांडलीस का?" ते म्हणाले. "सबंध दुपार पाय खाली सोडला नाही मी. तुझं काम बिघडेल म्हणून."

बाबांनी वाकून रेघेकडे निरखून पाहिलं, मालाची पारख करावी तसं.

"हात चांगला आहे. तुझा नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्यात खडूची रेघ ओढली की पुढे कात्री येते, पोरी."

मी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली. दुसऱ्या दिवशी चौकोन स्वयंपाकघरात, खुर्चीच्या चार पायांभोवती. माझ्या बुटांना भुकटी लागून येते, मी स्वतःला सांगितलं, पिशव्या फुटतात, वारा असतो. वारा सरळ कडा आखतो का, हे मी स्वतःला विचारलं नाही. बाबांना घेऊन गावातल्या लॉजवर गेले. सकाळी उठून त्यांच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. पांढरं.

पळून उपयोग नव्हता. परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "गादी मात्र चांगली होती हं," आणि मला हसू आलं. त्या हसण्याबरोबर पोटातली भीती कुठे गेली कोण जाणे, मागे निव्वळ राग उरला. हा माणूस म्हणजे कोणाचा चिखल आहे का? याच्यात काय साचलंय ते बघायला नळी घालणार? माझ्या बापाला नमुना म्हणून कोणी नेणार नाही. नेऊन तर दाखवा.

घरी आल्यावर खुर्ची पुन्हा खिडकीपाशी मांडली, बाबांना बसवलं. तासाभरात चौकोन उमटला. मी चहा आणला आणि त्यांच्या हातात दिला. देताना माझे पाय रेघेच्या बाहेर होते. लांबून, कमरेत वाकून, तोल सांभाळून मी कप देत होते. इतक्या वर्षांची सवय. कप्तानांनाही तीच मी लावली होती.

 

६

त्यानंतरची दुपार. बाबा खुर्चीत पेंगत होते आणि मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. नळ बंद केला आणि जाणवलं की बाहेर बेडूक नाहीत. पाणकणसांची सळसळ नाही. आमच्या घरात ही सळसळ दिवसभर असते, भिंतीसारखी. ती नव्हती.

मग फळी करकरली. कोणीतरी बेताने वजन टाकावं तशी, आधी एक गुडघा, मग दुसरा.

मी हात न पुसता दारात आले.

खिडकीच्या चौकटीपासून समोरच्या कपाटापर्यंत एक अरुंद फळी आडवी होती. बाबांच्या डोक्यावरून गेलेली. बाबांची मान छातीवर. फळीवर मला दोन गुडघे दिसले, आणि पाठीशी दुमडून ठेवलेला एक हात. त्याच्या वर मी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, ती बैठक मला पाठ होती. नळी दाबण्याआधी मी अशीच बसते. मोकळा हात पाठीमागे, चुकून काही सांडू नये म्हणून. श्वास रोखलेला, नमुना हलू नये म्हणून. त्यात राग नव्हता, वैर नव्हतं. फार मायेने, फार जपून चाललेलं काम होतं ते. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

दुसरा हात खाली येत होता.

"बाबा, उठा!" मी किंचाळले आणि चौकोनात उडी मारली.

दोन्ही पायांनी. भुकटी उडाली. मी टाचा घासल्या, बोटांनी उकरलं, ओल्या हातांनी लगदा केला, चौकोनाच्या चारही बाजू मोडल्या. "घे! मोज आता! मोज ना!" घशातून काय काय शिव्या निघत होत्या ते मलाही कळत नव्हतं. बाबा दचकून जागे झाले, वर पाहिलं, आणि त्यांनी काय पाहिलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

"नाचा, बाबा!"

"गुडघे गं," बाबा म्हणाले. पण माझ्या खांद्याला धरून उठले आणि लागले पाय आपटायला. धड उभं राहता न येणारा माणूस, पायजम्याच्या नाड्या लोंबताहेत, आणि घरभर पांढरा धुरळा.

वरून एक उसासा आला. थकलेला, वैतागलेला, अगदी ओळखीचा. चौकोन वाया गेला की मी असाच उसासा टाकते, आणि फळी उचलून चालू लागते.

खिडकीबाहेर पाणकणसं पुन्हा सळसळू लागली. फळी नव्हती.

७

बाबा खुर्चीत बसून धापा टाकत होते आणि हसत होते. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"अगदी तुझी आई," ते म्हणाले. "तीही मापाला धड उभी राहायची नाही. कोट शिवायला आली होती दुकानात. टेप लावली की गुदगुल्या. इकडे वळ म्हटलं की तिकडे. मला छातीचं माप काही मिळेना, कोट काही होईना. शेवटी म्हणाली, तुम्हाला माप जमेपर्यंत मी रोज येते. आलीच की मग. जन्मभर."

मी हसून डोळे पुसले. "ही कधी सांगितली नव्हतीत."

बाबांचं हसू थांबलं. "शंभरदा सांगितलीय. तूच तर सगळ्या नातेवाइकांत नक्कल करून दाखवायचीस. टेप गळ्यात घालून. आई हसून हसून खाली बसायची."

माझ्या हातात केरसुणी होती. ती मी भिंतीला टेकवली. नीट टेकवली, पडू नये अशी. मग माझ्या खोलीत गेले आणि खाट ओढून बाजूला केली.

खाली धूळ होती. मऊ, जाड, कित्येक वर्षांची. मी फुंकर मारली. धुळीखाली पांढरं होतं, चार सरळ कडा. आणि मध्यभागी, जिथे रात्री माझं डोकं असतं त्याच्या बरोबर खाली, फरशी कापून घेतलेली. ताटाएवढं गोल, कोरडं. त्याच्या कडेलाही धूळ बसली होती, इतकं ते जुनं होतं.

मी आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. भिंतीवरचा फोटो आठवला, त्याची चौकट आठवली, चौकटीला लागलेली वाळवी आठवली. दवाखाना आठवेना. चिठ्ठी वाचून दाखवल्याचं आठवेना. नोकरी लागलेली मुलगी मी, आणि इतकी वर्षं म्हणत होते, मी लहान होते. एकदाही मला शंका आली नाही.

मी रडले. त्या भोकात तोंड घालून ओरडले. आवाज आत गेला आणि परत आला नाही.

मग उठले. मला एकच विद्या येते, पण ती मला चांगली येते. खड्डा पडला म्हणून पाणथळ मरत नाही. तिला मारायचं तर नदी तोडावी लागते. दरवाजा उघडा ठेवा, पाणी येऊ द्या, ती भरत जाते. तीच माती परत येत नाही, वेगळी येते, पण येते. ज्याने कोणी माझ्यातून नेलंय त्याने ते कुठल्यातरी फळीवर मांडून बघत बसावं. माझी नदी पुढच्या खोलीत बसली आहे आणि तिची जीभ अजून शाबूत आहे.

बाबांची खुर्ची मी माझ्या खोलीत आणली, भोकाशेजारी. चौकोनाच्या कडा तुडवून टाकल्या. उद्या कप्तानांना त्यांच्या बायको-मुलीसह बोलावलंय. मगरीची, सायकलीची, उलटलेल्या बोटीची, त्यांची एकूण एक थाप मला तोंडपाठ आहे. खऱ्या गोष्टी काय त्या त्यांची बायको सांगेल.

"सांगा," मी बाबांना म्हटलं.

"काय सांगू?"

"पहिल्यापासून. ती दुकानाच्या पायऱ्या चढली तिथून. काही गाळू नका."

"अगं, रात्र होईल."

"होऊ दे."

बाबांनी खिशातून खडू काढला, बोटांत फिरवला आणि सुरुवात केली. मी जमिनीवर बसले, दोन्ही पाय भुकटीत सोडले, आणि ते बोलत होते तोवर एक क्षणही पाय स्थिर ठेवले नाहीत.